पाकिटावर ३२००, चालते २१३३ वर

महोदय,

मुलीच्या अभ्यासासाठी नुकताच कॉम्प्युटर जुळवून घेतला. रॅमच्या (कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मृतीच्या) पाकिटावर ठसठशीत ‘डीडीआर४ ३२००’. डीडीआर४ हा रॅमचा प्रकार, ३२०० हा वेग. घरी टास्क मॅनेजर (कॉम्प्युटरचा कारभार दाखवणारी खिडकी) उघडला, तर वेग २१३३! दुकानदार फोनवर म्हणाला, “काका, चालतंय ना? मग झालं.”

मेख पाकिटाच्या मागे, भिंगाशिवाय न दिसणाऱ्या अक्षरांत होती: १.३५ व्होल्ट. डीडीआर४चं प्रमाणित व्होल्टेज १.२. म्हणजे या रॅमचा ३२०० हा ओव्हरक्लॉकचा, म्हणजे मूळ वेगापेक्षा जास्त पळवून मिळणारा वेग. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला हा जास्तीचा वेग देणारी तयार सेटिंग, चालू केलं आणि प्रोसेसर-मदरबोर्डने साथ दिली, तरच मिळणारा. मी चालू केलं, मिळाला. पाच मिनिटांचं काम, पण सांगणार कोण? बरं, दुकानात सर्रास म्हणतात तसे हे ३२०० मेगाहर्ट्झही नव्हेत. रॅमचं घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचंच, प्रत्येक ठोक्याला माहिती दोनदा जाते, म्हणून ३२००.

मूळ वेग आणि व्होल्टेज पाकिटाच्या दर्शनी भागावर छापायला कंपन्यांना काय अडचण आहे? शेजारच्या मुलाने तर “१.५ व्होल्ट द्या, अजून पळेल” असं सुचवलं. तो आकडा जुन्या डीडीआर३चा. त्याला चहा पाजून परत पाठवला.

– एक वाचक, नाशिक