घरच्या वायफायवर मेसेज वेळेवर येत नाहीत

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,
कोल्हापूर विभाग

विषय: वायफायवर व्हॉट्सॲपचे मेसेज अडकून राहण्याबाबत

महोदय,

मी मंगळवार पेठेत राहते. घरी कांदा-लसूण चटणी करून विकते आणि माझ्या बहुतेक ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. आपले फायबर कनेक्शन घेतल्यापासून फोन थोडा वेळ बाजूला ठेवला की त्यावर मेसेज येणे थांबते. मी मिरच्या भाजत असते आणि तिकडे पुण्याच्या गिऱ्हाइकाला एकच टिक दिसत राहते. फोन हातात घेऊन उघडला की सगळे मेसेज एकदम येऊन पडतात. उन्हाळ्यात वर्षाची चटणी भरायची घाई असते. उत्तर नाही मिळाले तर बाई दुसरीकडे ऑर्डर देते, आणि तिचे काही चुकत नाही.

प्रत्येक तक्रारीला आपल्याकडून एकच उत्तर मिळते: राउटर बंद करून चालू करा, स्पीड तपासा. स्पीडबद्दल माझी तक्रारच नाही, व्हिडिओ न अडकता चालतात. त्याच फोनवर मोबाइल डेटा लावला की मेसेज लगेच येतात. बॅटरी सेव्हर बंद आहे. मुलाचा फोन दुसऱ्या कंपनीचा, त्यालाही हाच त्रास. तरीही तक्रार 'निवारण झाले' म्हणून परस्पर बंद केली जाते, याचा मला फार राग येतो.

नवा मेसेज आल्याचे कळावे म्हणून फोन एक कनेक्शन सतत उघडे ठेवतो. अँड्रॉइडवर ते गूगलच्या सर्व्हरकडे, मुख्यतः ५२२८ ते ५२३० या पोर्टवरून (क्रमांक दिलेल्या वाटांवरून) जाते. त्यावरून काही वेळ काहीच गेले नाही आणि मधल्या यंत्रणेने (राउटरने किंवा आपल्याकडच्या उपकरणाने) ते कोणत्या फोनचे आहे याची नोंद पुसली, तर फोनला ते कळत नाही. आपण जोडलेलेच आहोत असे धरून तो वाट पाहत बसतो. राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, १००.७२ ने सुरू होतो; हा सार्वजनिक पत्ता नव्हे, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता आपण अनेक घरांत वाटला आहे. वाटायला हरकत नाही. पण आरएफसी ५३८२ या इंटरनेटच्या तांत्रिक मानकाप्रमाणे जोडलेले टीसीपी कनेक्शन (फोनचे हे कनेक्शन त्याच प्रकारचे) शांत असले तरी त्याची नोंद किमान २ तास ४ मिनिटे राखायला हवी. आपली यंत्रणा ती त्याआधीच पुसत असावी, असा माझा संशय आहे. राउटरही आपणच दिलेला आहे, तेव्हा दोन्हीकडे तपासणे आपलेच काम आहे.

नोंद राखण्याची ही मुदत किती ठेवली आहे ते लेखी कळवावे आणि ती वाढवावी. जमत नसेल तर जादा पैसे न घेता मला स्वतंत्र सार्वजनिक आयपी द्यावा. घरी माणूस पाठवणार असाल तर त्याने नुसता स्पीड बघून जाऊ नये. फोन वायफायवर अर्धा तास न हलवता ठेवावा आणि मग बाहेरून मेसेज पाठवून पाहावा.

या पत्राचा डॉकेट क्रमांक (तक्रार नोंदणी क्रमांक) द्यावा. दूरसंचार ग्राहक तक्रार निवारण विनियम, २०१२ नुसार मला अपील करता येते, म्हणून आपल्या अपील प्राधिकाऱ्याचा पत्ताही कळवावा.

आपली,
एक ग्राहक
मंगळवार पेठ, कोल्हापूर