उस्ताद, मिसिंग पकडायची रीत दाखवलीत, त्याबद्दल आभार

उस्ताद,
सप्रेम नमस्कार.

त्या चार सिलेंडरच्या सीएनजी टॅक्सीचं मिसिंग, म्हणजे एका सिलेंडरमध्ये इंधन नीट न पेटणं, तुम्ही पकडून दिलंत, त्याबद्दल गॅरेजमधल्या आम्हा सगळ्यांतर्फे मनापासून आभार. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुमचा क्रम सीएनजी गाडीच्या प्रत्येक मालकाच्या आणि तिला पाना लावणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा आहे.

गाडी आली तेव्हा चारही प्लग नवे, चारही कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या) नव्या आणि चेक इंजिनचा दिवा तसाच. स्लोवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, इंजिन थरथरायचं, २००० आरपीएमच्या वर गेलं की एकदम सुरळीत. स्कॅनरवर बिघाडाचा कोड पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलेंडरचं मिसिंग. पी०३००, म्हणजे कुठल्याही एका सिलेंडरवर न ठरणारं मिसिंग, आला असता तर हवेची गळती, पेट्रोलचा दाब अशा चौघांच्या सामाईक गोष्टींकडे आधी वळावं लागलं असतं. कोड पुसायच्या आधी तुम्ही फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणाची नोंद) वाचायला लावलीत: इंजिन गरम, लोड कमी, आरपीएम स्लोचे. कोड पुसला की ही नोंदही जाते, आणि घाईत नेमकं तेच होतं.

मग तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि तिसऱ्याचा प्लग चौथ्यात. एकाच खोलाखोलीत दोन प्रश्न. मिसिंग पहिल्यावर गेलं तर कॉइल, चौथ्यावर गेलं तर प्लग. ते तिसऱ्यावरच राहिलं, म्हणजे दोन्ही निर्दोष. त्यानंतर गाडी पेट्रोलवर चालवली, मग गॅसवर. दोन्हीकडे तेच मिसिंग. पेट्रोलचे इंजेक्टर वेगळे, गॅसचे वेगळे. दोन्ही एकाच सिलेंडरवर एकदम बिघडणं जवळपास अशक्य. इंजेक्टर न खोलता इंजेक्टर बाद! हा धडा सोन्यासारखा आहे.

राहिलं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब. गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद, पेट्रोल पंपाचा फ्यूज बाहेर, कॉइलचे कनेक्टर काढलेले, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि बॅटरी चार्ज केलेली. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेलं रीडिंग खोटं कमी येतं. पाच-सहा वेळा दाब चढेपर्यंत सेल्फ मारायचा. आकडे आले १७०, १७५, ११०, १७२ पीएसआय. सिलेंडरांमधला फरक १०–१५ टक्क्यांच्या आत हवा. इथे तिसरा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त खाली. चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा घेतलं तर जेमतेम ११५. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर ऑइलनं फट भरून आकडा चांगलाच वर आला असता.

आणि मग तो आवाज. तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला, दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद असताना) आणून, क्रँक फिरू नये म्हणून धरून, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडलीत आणि प्रत्येकाला कान लावायला सांगितलंत. थ्रॉटल बॉडीत फुसफुस म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणात म्हणजे रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट. इथे आवाज सायलेन्सरच्या तोंडातून येत होता, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

इंजिन गार झाल्यावर टॅपेट कव्हर काढलं. या इंजिनाला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या टॅपेटमधलं अंतर ०.३० मि.मी.च्या आसपास हवं, तिसऱ्याला ०.०५ चा फिलरही (अंतर मोजायची पातळ पट्टी) शिरेना. गॅस कोरडा असतो, द्रव पेट्रोलइतका व्हॉल्व्ह आणि तो जिथे टेकतो त्या सीटला तो जपत नाही. सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो, अंतर कमी होत होत संपतं आणि व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. स्लोवर दाब गळायला वेळ मिळतो म्हणून तिथे मिसिंग; वेगात तेवढा वेळच मिळत नाही. सैल टॅपेट टकटक करून सांगतं, घट्ट टॅपेट मात्र गप्प असतं, म्हणून आवाजावर विसंबून राहायचं नाही. हायड्रॉलिक (आपोआप अंतर जुळवणारं) टॅपेट नसलेल्या प्रत्येक सीएनजी गाडीत ठरावीक अंतरानं फिलर लावून बघायलाच हवा, हे तुमचं म्हणणं आम्ही आता गिऱ्हाइकांना जॉब कार्डावर लिहून देतो.

टॅपेट मापात आणल्यावर तिसरा १६० वर आला. व्हॉल्व्हची कड जळायच्या आधी पकडलं गेलं, म्हणून हेड उतरवावं लागलं नाही. मालकाचा किती खर्च वाचला, हे हेडचं काम केलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

प्लग परत बसवताना तुम्ही सांगितलेलंही इथे लिहून ठेवतो. अॅल्युमिनियम हेडमध्ये १४ मि.मी. आट्याचा वॉशरवाला प्लग २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मि.मी.चा १५ ते २०. आटे आधी हातानं बसवायचे, कोन चुकला तर हेडचे आटे जातात. पावसाळ्यात प्लगच्या खड्ड्यात पाणी उतरतं, तेव्हा प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर आणि कॉइलच्या रबरी टोपीत पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ दिसते का बघायचं. दिसली तर दोन्ही बदलायचं. नुसता प्लग बदलला तर जुनी टोपी नव्या प्लगवर तीच रेघ पाडते.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी रेटायची नाही, हे टॅक्सीवाल्यांना तुम्ही ज्या तळमळीनं समजावलंत, तेही फार मोलाचं. न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा भाग) जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. कॉइलच्या किमतीचं दुखणं कन्व्हर्टरच्या किमतीला जातं.

सीटची झीज थांबलेली नाही, हे तुम्ही बजावलंत तेव्हाच मालकाला सांगितलं आहे. ५,००० किलोमीटरनंतर आठही एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं (प्रत्येक सिलेंडरला दोन) अंतर गार इंजिनावर पुन्हा मोजू आणि आकडे तुम्हाला कळवू. तिसरा परत घट्ट झाला असेल तर हेड उतरवून सीट बदलायची. त्या कामाला तुम्ही शेजारी उभे राहाल, तर आमच्या पोरांना शिकायला मिळेल.

आपले,
गॅरेजमधले सगळे