प्रमाणपत्र मिळाले, माउस नाही मिळाला

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात सार्वजनिक ग्रंथालयांच्या कर्मचाऱ्यांसाठी एकदिवसीय संगणक प्रशिक्षण झाले. दीपप्रज्वलन, सत्कार आणि मनोगते यांतच दुपार उलटली. जेवणानंतर पडद्यावर ‘कोहा’ या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरची चित्रे दाखवली. माणसे साठ, चालू संगणक एक, तोही वक्त्यांचा. निघताना हातात प्रमाणपत्र आणि पाठोपाठ फर्मान : तीन महिन्यांत सर्व ग्रंथांच्या नोंदी ऑनलाइन करा, आणि सोबतचा तक्ता भरून पाठवा.

जरा हिशेब करू. कपाटातून पुस्तक काढायचे, दाखल नोंदवहीशी ताडायचे, वर्गांक बघायचा, नोंद टाइप करायची, बारकोड चिकटवायचा. हात बसलेल्या माणसालाही सहा मिनिटे लागतात. २०,००० पुस्तके म्हणजे २,००० तास. देवघेव सांभाळून रोज तीन तास मिळाले तर ६६७ दिवस. आपण दिलेत ९०, रविवार धरून.

‘एमएस-सीआयटी झालीय ना?’ असे विचारतात. झालीय की! पण तिथे अर्ज टाइप करायला शिकवतात. मार्क-२१ या ग्रंथनोंदींच्या ठरलेल्या साच्यात लेखक १०० या क्षेत्रात जातो, शीर्षक २४५ मध्ये, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक ०२० मध्ये, हे तिथे कोण सांगणार? मग माणूस हाताशी आहे ते करतो, एक्सेलमध्ये यादी भरतो. तिथेच घात होतो. तेरा आकडी आयएसबीएन टाकला की एक्सेल त्याचे ९.७८८१८ई+१२ असे काहीतरी करून दाखवते. तशीच फाइल सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर-फाइल, केली की पुढचे आकडे कायमचे गेले, आणि शेकडो भारतीय पुस्तकांचा आयएसबीएन एकच होऊन बसतो. उपाय दोन मिनिटांचा आहे : भरण्याआधीच तो रकाना ‘टेक्स्ट’ करायचा. जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडायचे, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते. ही दोन मिनिटे मनोगतांतून वाचवता आली नसती का?

त्याहून नाठाळ दुखणे मराठीचे. ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द घ्या. एकजण त्यातला ‘ऱ्या’ नुक्त्याच्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या, ऱ-ने टाइप करतो, दुसरा साध्या र-ला अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण यंत्राच्या लेखी शब्द वेगळे. वाचक शोधतो, ‘नोंद आढळली नाही’ येते, पुस्तक मात्र समोरच्या कपाटात. ‘ॲड.’मधल्या ॲ-चेही तेच. जुन्या फॉन्टमधल्या याद्या युनिकोडमध्ये बदलताना पहिली वेलांटी जोडाक्षरापाशी हटकून घसरते. हे दोष सॉफ्टवेअर विकत घेऊन जात नाहीत. सगळ्यांना एकच इनस्क्रिप्ट कळफलक शिकवावा लागतो, आठ-दहा दिवस हात बसेपर्यंत.

बॅकअपचे तर विचारूच नका. कोहा रोज बॅकअप घेते, पण त्याच यंत्राच्या डिस्कवर. डिस्क गेली की मूळ आणि प्रत दोन्ही एकाच चितेवर. आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्यायची आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या यंत्रावर उघडून बघायची. न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसती श्रद्धा.

आमची मागणी साधी आहे. पाच दिवस द्या, दोघांत एक संगणक द्या, प्रत्येकाने आपल्याच नोंदवहीतल्या शंभर पुस्तकांची यादी आणावी, त्यावरच काम व्हावे. सहा महिन्यांनी दोन दिवस पुन्हा, कारण खऱ्या अडचणी तेव्हाच कळतात. सत्कार नकोत.

पण खरेदीच्या कागदात यंत्राला ओळ असते, यूपीएसला असते, माणसाला नसते. १९६७ साली ग्रंथालयांचा कायदा केलेल्या राज्यात ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर, अनुदानाच्या पुढच्या हप्त्याकडे डोळे लावून बसलेला. ऑनलाइन मात्र त्यानेच व्हायचे! अंगणवाडी ताईंचेही हेच केलेत. नादुरुस्त मोबाइल आणि इंग्रजी ॲप त्यांच्या गळ्यात मारलेत, शेवटी २०२१ साली त्यांनी ते मोबाइल शासनाला परत केले. आम्हाला तेही करता येत नाही. आमचा संगणक जडसंग्रह नोंदवहीत चढलाय, बॅटरी मेलेली असली तरी दरवर्षी पडताळणीत तो ‘आहे’ असतो. कागदावर संगणकीकरण झाले म्हणजे झाले, नाही का?

राहता राहिला तो तक्ता. तो कुठल्यातरी जुन्या फॉन्टमध्ये केलेला आहे, आमच्याकडे उघडला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये पुन्हा पाठवायला सांगा, त्याच दिवशी भरून देतो.

आपले,
तालुक्यातल्या ग्रंथालयांचे कर्मचारी