रीजन कोड आणि दुरुस्तीवाल्याची नोंदवही : केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : परदेशात विकत घेतलेल्या डीव्हीडी आणि कॉपीराइट कायद्याचे कलम ६५अ

महोदय,

सविनय नमस्कार.

न्यू जर्सीत सोळा वर्षे काढून आम्ही गेल्या वर्षी पुण्याला कायमचे परत आलो. सामान बोटीने न्हावा शेव्याला उतरले, त्यात डीव्हीडींची दोन खोकी होती. काही डिस्क आम्ही पूर्ण किमतीला घेतलेल्या, तर बऱ्याचशा तिथल्या सार्वजनिक वाचनालयाने जुन्या झाल्या म्हणून डॉलर-डॉलरला विकायला काढलेल्या, वेष्टनावर अजून वाचनालयाचा शिक्का असलेल्या. कस्टमच्या अधिकाऱ्याने एक खोके उघडून वरवर चाळले आणि जाऊ दिले. ते योग्यच झाले, कारण स्वतःच्या खासगी व घरगुती वापरासाठी कोणत्याही कलाकृतीची एक प्रत देशात आणण्यास कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५१ मधील परंतुकाने (अट किंवा अपवाद सांगणाऱ्या जोडवाक्याने) आडकाठी ठेवलेली नाही. अडचण सुरू झाली ती घरी आल्यावर.

तिथला प्लेअर १२० व्होल्टचा असल्यामुळे तो तिथेच देऊन आलो होतो. इथे नवा घेतला, मुलीची लहानपणची आवडती डिस्क आत सरकवली, ती दोन-तीन वेळा घरघरली आणि निळ्या पडद्यावर एवढेच उमटले की या डिस्कचा रीजन चुकीचा आहे. डिस्क स्वच्छ होती, प्लेअर कोरा होता, आणि दोन्हींचे पैसे आम्ही मोजलेले होते.

आपल्या खात्यातील अधिकाऱ्यांना हे ठाऊक असेलच, तरी थोडक्यात सांगतो. चित्रपट कंपन्यांनी डीव्हीडीसाठी जगाचे सहा भाग, म्हणजेच रीजन, पाडले. अमेरिका व कॅनडा पहिल्यात, युरोप व जपान दुसऱ्यात, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि लॅटिन अमेरिका चौथ्यात, चीन सहाव्यात; आपण रशिया आणि आफ्रिकेच्या बऱ्याच भागाबरोबर पाचव्यात. एका भागाची डिस्क दुसऱ्या भागातील यंत्राने नाकारावी, अशी ही रीजन कोडची रचना आहे. पॅल (भारतातली) आणि एनटीएससी (अमेरिकेतली) या चित्रपद्धतींतील फरक वेगळा. तो दूरचित्रवाणीच्या जुन्या तांत्रिक पद्धतींतून आला, त्यात कोणाचा हेतू नव्हता, आणि इथले बहुतेक प्लेअर दोन्ही पद्धती निमूटपणे चालवतात. रीजन कोड मात्र मुद्दाम घातलेले कुलूप आहे. चित्रपट अमेरिकेत आधी आणि इतरत्र काही महिन्यांनी प्रदर्शित होत असे, तेव्हा तिकडची डिस्क इकडच्या चित्रपटगृहाच्या आधी पोहोचू नये, शिवाय प्रत्येक देशात वेगळी किंमत लावता यावी, हे त्यामागचे गणित होते. आज मोठे चित्रपट जगभर जवळपास एकाच आठवड्यात लागतात, आणि डीव्हीडीनंतर आलेल्या फोर-के ब्लू-रेच्या डिस्कवर तर खुद्द या उद्योगानेच रीजन कोड ठेवलेला नाही. गंमत अशी की मराठी नाटकांच्या ज्या डिस्क आम्ही इथून तिकडे नेल्या होत्या, त्या सर्व रीजनसाठी खुल्या असल्यामुळे न्यू जर्सीत विनातक्रार चालल्या. परक्या ठरलो ते आपल्याच गावी आल्यावर.

संगणकाचा ड्राइव्ह हा दुसरा मार्ग. त्यात रीजन बदलता येतो, पण फक्त पाच वेळा. पाचव्या बदलानंतर तो शेवटच्या रीजनवर कायमचा गोठतो. मुलीसाठी एक क्रमांक, मग सासूबाईंच्या इथे घेतलेल्या डिस्कसाठी पाच क्रमांक, पुन्हा एक. प्रत्येक वेळी त्या छोट्या चौकटीतला उरलेल्या बदलांचा आकडा एकाने खाली येई. तो दोनवर आल्यावर सासूबाईंनी स्वतःहून सांगितले की मला काही पाहायचे नाही. एखाद्या घरात आजीने आणि नातीने काय पाहावे हे अशा आकड्याने ठरवावे, हे मला पटत नाही.

प्लेअर ज्या कंपनीचा आहे तिच्या सेवा केंद्राने रीजन काढून देण्यास नकार दिला. ते कायद्यात बसत नाही, एवढेच उत्तर मिळाले. त्यानंतर मी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेलो. तिथल्या एका दुकानातील तरुणाने रिमोटवरून काही आकडे दाबून एक लपलेला मेनू उघडला, पाचच्या जागी शून्य, म्हणजे सर्व रीजन खुले, केले, आणि चहाच्या पैशांपलीकडे काही घेतले नाही. त्या दिवसापासून सगळ्या डिस्क चालतात.

मग हे पत्र कशासाठी? घरी येऊन मी कायदा वाचला म्हणून.

२०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार, कायद्याने दिलेल्या हक्कांच्या संरक्षणासाठी लावलेला परिणामकारक तांत्रिक उपाय (साध्या भाषेत, कुलूप) त्या हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने चुकवल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. यातील हेतूची अट शहाणपणाची आहे आणि तिचे श्रेय आपल्या संसदेला दिलेच पाहिजे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात तेवढीही मोकळीक नाही, आणि रीजन कोडसाठी सूट मागणारे अर्ज तिथे फेटाळले गेले. विकत घेतलेली डिस्क घरी पाहण्यात कोणाच्या हक्काचा भंग नाही, म्हणून मी स्वतः निर्धास्त आहे. परंतु त्याच कलमाच्या पुढच्या परंतुकात असे म्हटले आहे की, कायद्याने मनाई नसलेल्या कारणासाठी जो दुसऱ्याला असा उपाय चुकवण्यास मदत करील, त्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता, ओळख पटवणारा तपशील आणि कारण यांची संपूर्ण नोंद ठेवली पाहिजे. म्हणजे मी निर्दोष, आणि ज्याने माझे काम सरळपणाने केले तो नोंदवही न ठेवल्यामुळे अडचणीत येऊ शकणारा. पुन्हा त्या बाजूला गेलो तेव्हा मी त्याला हे सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "काका, इथे बिलबुकाला जागा नाही, वही कुठे ठेवू?"

मुळात रीजन कोड हा त्या कलमातला तांत्रिक उपाय आहे का, हेच कायद्यातून कळत नाही, कारण 'परिणामकारक तांत्रिक उपाय' म्हणजे काय याची व्याख्या त्यात दिलेली नाही. माझ्या मते तो नाही, कारण तो नक्कल रोखत नाही, फक्त बाजाराची वाटणी करतो. न्यूझीलंडने २००८ मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्ती करून, बाहेरून आणलेली अस्सल प्रत देशात चालू नये एवढ्यासाठी घातलेली भौगोलिक अटकाव-व्यवस्था तांत्रिक संरक्षणाच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळली आहे. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातही परदेशात घेतलेल्या चित्रपटांच्या प्रतींसाठी तसाच अपवाद आहे. हे दोन्ही देश कॉपीराइटच्या बाबतीत ढिले म्हणून ओळखले जात नाहीत.

आपल्याकडे कॉपीराइटचा विषय २०१६ पासून आपल्या मंत्रालयाकडे आहे, म्हणून ही विनंती आपल्याला. कायद्यात पुढची दुरुस्ती होईल तेव्हा कलम ६५अ खाली एका वाक्याचे स्पष्टीकरण घालून रीजन कोड त्यातून वगळावा, आणि तोपर्यंत कॉपीराइट कार्यालयाने मराठीसह भारतीय भाषांत एक छोटा खुलासा काढावा, म्हणजे सेवा केंद्रांना अर्ध्या माहितीवर ग्राहक परत पाठवावे लागणार नाहीत. यांपैकी काहीच शक्य नसेल, तर निदान त्या नोंदवहीचा अधिकृत नमुना प्रसिद्ध करावा. तपकीर गल्लीतल्या त्या दुकानात वही मी स्वखर्चाने नेऊन देईन आणि पहिल्या ओळीत माझेच नाव लिहीन.

आपला,
अमेरिकेतून परतलेला एक पुणेकर