गाळाची चाचणी उन्हातही व्हावी

मा. संपादक महोदय,

बंदरातील किंवा नदीमुखातील गाळ किती विषारी आहे, हे ठरवणाऱ्या चाचण्या जगभर बहुधा प्रयोगशाळेतील ट्यूबलाइटखाली होतात आणि त्या उजेडात अतिनील किरण जवळजवळ नसतात. गोव्याच्या किनाऱ्याच्या दृष्टीने ही उणीव गंभीर आहे.

इंधन तेल आणि कोळसा यांतून येणारी अँथ्रासीन, फ्लुरॅन्थीन, पायरीन यांसारखी संयुगे पाण्यात फारशी विरघळत नाहीत. ती गाळाच्या कणांना चिकटतात आणि तेथून गाळातल्या जिवांच्या चरबीत साठत जातात. अशा जिवावर ऊन पडले, की त्याच्या शरीरातला या संयुगाचा रेणू अतिनील किरण शोषून ती ऊर्जा ऑक्सिजनला देतो आणि हा चेतलेला ऑक्सिजन पेशींच्या आवरणांची नासधूस करतो. रेणू मात्र खर्ची पडतोच असे नाही. तो पुन्हा किरण शोषायला मोकळा होतो. म्हणूनच अंधारात निरुपद्रवी ठरलेले प्रमाण उन्हात जीवघेणे होऊ शकते, आणि काही प्रयोगांत हा फरक शंभर पटींहूनही अधिक आढळला आहे. सर्वाधिक झळ शिंपल्यांच्या, कोळंबीच्या आणि माशांच्या पारदर्शक पिलांना बसते, कारण किरण अडवणारे रंगद्रव्य त्यांच्या अंगात नसल्यातच जमा असते. २००७ साली ‘कॉस्को बुसान’ या जहाजातील इंधन तेल सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात सांडले, त्यानंतरच्या हंगामात तेथील किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात हेरिंग माशांची अंडी मोठ्या प्रमाणावर मेली. संशोधकांनी त्याचा संबंध तेल आणि ऊन यांच्या एकत्रित परिणामाशी जोडला.

ऊन तेलाचे विघटनही करते, हे खरे आहे. परंतु त्यातून तयार होणारी क्विनोनसारखी काही संयुगे पाण्यात अधिक सहज विरघळतात आणि कधी मूळ द्रव्याहूनही घातक असतात. शिवाय खोल, अंधाऱ्या गाळापर्यंत ऊन पोहोचतच नाही. उपसा करून तोच गाळ उथळ पाण्यात पसरला, तर इतकी वर्षे अंधारात पडून असलेले प्रदूषण आपणच उन्हात आणून ठेवतो.

पावसाळ्यात मांडवी आणि झुआरीचे पाणी इतके गढूळ असते, की अतिनील किरण वरच्या थरातच अडतात. पाऊस सरल्यावर पाणी त्यामानाने निवळते, ओहोटीला झुआरीकाठच्या चिखलीच्या किनाऱ्यावरचा गाळ उघडा पडतो, आणि मेच्या सुरुवातीस सूर्य आपल्या थेट माथ्यावर येतो. याच सुमारास, पावसाळ्याच्या तोंडावर, किनाऱ्यांवर डांबराचे गोळे येऊ लागतात, जे भर दुपारी मऊ होऊन तळपायाला चिकटतात. झुआरीच्या याच चिखलात तिसऱ्या आणि मेंगे हे शिंपले वाढतात. त्यांवर घर चालवणाऱ्या बायका आजही आपल्याकडे आहेत.

म्हणून संबंधित यंत्रणांना विनंती आहे, की उपशापूर्वी त्याच गाळाची चाचणी दोन टाक्यांत घ्यावी: एक उघड्या उन्हात आणि दुसरी अतिनील किरण अडवणाऱ्या आच्छादनाखाली, दोन्हींचे तापमान सारखे राखून, म्हणजे मरतूक उष्णतेने झाली की किरणांमुळे, हा वाद उरणार नाही. त्यासाठी फार मोठा खर्चही येणार नाही. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यातच आहे, तेव्हा जाणकारांसाठी लांब जावे लागणार नाही. दोन्ही टाक्यांचे निकाल गाळ हलवण्याआधी लोकांसमोर ठेवावेत आणि उपशाची परवानगी उन्हातल्या निकालावर ठरवावी.

– एक वाचक, चिखली