पेन्सिलीनं मांडलेली वजाबाकी

काका, सादर नमस्कार.

त्या दिवशी तुमच्यासमोर आभार मानायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

मी नवशिका हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला. दुकानात विजेच्या मोटारी भरून उरलेल्या तांब्याच्या तारेचा मी 20 मीटर बँडचा डायपोल, म्हणजे साधी अँटेना केली, गच्चीवर ताणली आणि जगभरच्या हॅमशी बोलायच्या ऑक्टोबरच्या सीक्यू वर्ल्डवाइड स्पर्धेत दोन रात्री जागून काढल्या. ‘फाइव्ह नाइन, ट्वेंटी टू’ म्हणून म्हणून आवाज बसला. फाइव्ह नाइन म्हणजे तुमचा आवाज स्वच्छ येतोय, आणि 22 हा आपला, भारताचा झोन. समोरून त्यांचा झोन आला की अंगावर काटा यायचा आणि मी वहीत ओळ भरायचो. डोळ्यांसमोर एकच होतं, 100 देशांशी झालेले संपर्क सिद्ध केल्यावर मिळणारं डीएक्ससीसी अवॉर्ड.

मग संपर्काच्या पुराव्याची कार्डं पाठवली. प्रत्येक लिफाफ्यात परतीचा लिफाफा आणि टपालखर्चाला दोन डॉलर. 40 लिफाफ्यांत दुकानाची महिन्याची कमाई गेली. उत्तरं आली ती थोडी, आणि त्यांतही बहुतेकांचं एकच, ‘तुमची नोंद आमच्या लॉगमध्ये नाही.’ दोघांच्या नोंदी ऑनलाइन जुळवणाऱ्या लॉगबुक ऑफ द वर्ल्डवर चढवलेली एकही ओळ जुळेना. जाणत्या म्हणवणाऱ्यांना विचारलं. एकानं अजून डॉलर पाठवायला सांगितलं. दुसरा चारचौघांत म्हणाला, ‘असले कॉन्टॅक्ट वहीत कितीही होतात.’ ते वाक्य मला अजून सलतं. माझी वही मागून पाहावी, असं मात्र त्यांच्यातल्या एकालाही वाटलं नाही.

तुम्ही मागितलीत. चष्मा पुसलात, पहिल्या ओळीवर बोट ठेवलंत आणि विचारलंत, “5:42? स्पर्धा किती वाजता सुरू झाली?” मी म्हटलं, शनिवारी पहाटे साडेपाचला. तुम्ही हसला नाहीत. “म्हणजे हे घड्याळ आपलं. जगाचं तेव्हा 00:12 होतं,” एवढंच बोललात. हॅमच्या नोंदी जगभर एकाच वेळेत, यूटीसीत ठेवतात. दोन्हीकडच्या वेळांत अर्ध्या तासापेक्षा जास्त फरक लॉगबुक ऑफ द वर्ल्डवर चालत नाही. माझा साडेपाच तासांचा होता.

पण मला सांगायचंय ते पुढचं. मी लाल पेन घेऊन खाडाखोड करायला निघालो तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. “मूळ नोंद खरी आहे, तिला हात लावायचा नाही.” मग पट्टी ठेवून, ओळीमागून ओळ, समासात पेन्सिलीनं बारीक आकडे मांडत गेलात. रात्री 2 ची नोंद 20:30 झाली, तारीख आदल्या दिवसाची. 183 ओळी. काकूंनी ठेवलेला चहा दोनदा गार झाला. चारचौघांत खोटी ठरलेली माझी वही तुम्ही खरी म्हणालात, काका.

नवशिक्याला आपुलकीनं सल्ला द्यावा, असं पॉल सेगल यांनी 1928 साली हॅमच्या आचारसंहितेत लिहून ठेवलंय. लायसन्सच्या अभ्यासात मी ते वाचलं होतं. वागताना पाहिलं ते तुमच्या घरी. अशी माणसं आहेत म्हणूनच अनोळखी माणूस रात्री-अपरात्री आपल्या हाकेला उत्तर देतो, असं मला मनापासून वाटतं.

त्या वेळांनी नोंदी पुन्हा चढवल्या. आता 61 देश जुळलेत, तेही एक डॉलर न पाठवता. अवॉर्डची फी मी 100 झाल्यावरच भरणार, तुम्ही सांगितलंत तसं. त्या दिवशी वही घेऊन मिरजेला येतो. पेन्सिलीचे आकडे पुसट होऊ नयेत म्हणून पानांवर बटर पेपर लावलाय.

काकूंना नमस्कार. आणि हॅमच्या भाषेतल्या शुभेच्छा, 73.