काढा घ्या, पण गोळ्या थांबवू नका

क्योटो, जून

तीर्थरूप बाबांस,
सा. न.

आई म्हणाली, सप्तरंगीच्या मुळ्यांचा काढा सुरू झालाय आणि आता मधुमेहाच्या गोळ्या बंद करायचं तुमच्या मनात आहे. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हा कागद.

काढ्याला मी नावं ठेवणार नाही. ठेवू तरी कशी? इथे मी त्याच्याच भाऊबंदाच्या अर्काची परीक्षा घेते आहे. श्रीलंकेत त्याला कोथळा हिंबुटु म्हणतात. त्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी भरून ठेवतात आणि सकाळी पितात. त्यातलं सॅलॅसिनॉल नावाचं द्रव्य १९९७ मध्ये इथल्या, क्योटोच्याच संशोधकांनी ओळखून दाखवलं.

उंदराच्या आतड्यातलं, साखर फोडणारं एन्झाइम साखरेच्या पाण्यात घालून ३७ अंशांवर ठेवायचं आणि किती ग्लुकोज सुटलं ते रंगावरून मोजायचं. प्लेटमधल्या ज्या खळग्यात अर्क नाही, त्यात लालसर गुलाबी रंग चढतो, अर्क घातलेला खळगा फिका राहतो. अर्क मुळातच तांबूस, म्हणून एन्झाइमशिवायचा अर्कही शेजारी ठेवावा लागतो. नाहीतर त्याचाच रंग ग्लुकोज म्हणून मोजला जायचा!

म्हणजे गुण आहे. पण तो एवढाच, की भाताचं नि साखरेचं ग्लुकोज सावकाश होतं आणि जेवणानंतरची उसळी कमी होते. उपाशीपोटीची साखर मुख्यतः यकृतातून येते. ती आवरायला तुमची मेटफॉर्मिन आहे. आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोत वोग्लिबोजही दिसतेय, तिचं काम अगदी काढ्याचंच. एका कामाला दोन गडी लावलेत बाबा, पोट गुडगुडणारच. न पचलेला भात मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो आणि गॅस होतो.

मला खरी काळजी ग्लिमेपिराइड या गोळीची आहे. तिने कधी साखर फार उतरली, घाम फुटला, हात थरथरले, तर आई धावत गूळ आणेल. पण काढा नि वोग्लिबोज पोटात असताना गूळ-साखर फुटून ग्लुकोज व्हायला वेळ लागतो. तेव्हा ग्लुकोज पावडरच पाण्यात कालवून द्यायची, तीही तुम्ही शुद्धीवर असाल तरच. नसाल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना. पावडरचा डबा फडताळात मागे नको, जेवणाच्या टेबलावर ठेवा. एक पुडी खिशातही असू दे.

गोळ्यांचं काय ते डॉक्टरांना ठरवू द्या. जाताना मुळीचा तुकडा दाखवायला न्या आणि काढा किती घेता ते सांगा. लपवू नका, तुमची सवय मला माहीत आहे. तोवर जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजून वहीत लिहीत चला.

आणि मुळ्या पार्सलने पाठवतो म्हणालात, त्या कृपा करून पाठवू नका. संशोधनासाठी अशी वनस्पती देशाबाहेर द्यायला २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली परवानगी लागते. शिवाय मुळं खणली की वेल गेलाच, म्हणून मुळ्या विकणाऱ्या माणसाकडून पोतंभर घेऊन ठेवू नका.

आईला हे पत्र मोठ्याने वाचून दाखवा. ग्लुकोजचा भाग दोनदा.

तुमची,
सायली